हाफलाइनकडे बघ : लखनौ, डिसेंबर २०१६

१२ डिसेंबर, सोमवार

लखनौला चाललेल्या ज्युनियर हॉकी विश्वचषकातला भारताचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना आम्ही कल्याणला आत्याकडे टीव्हीवर बघितला. उद्या सकाळी इथूनच लखनौची गाडी पकडायची होती, म्हणून खडकीहून एक दिवस आधीच येऊन राहिलो. बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या, आत्या पोळ्या करतेय, आणि बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर पाटावर मांडी घालून बसलेले.

कॅप्टन हरजीतसिंगनं अकराव्या मिनिटाला गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये आफ्रिकेनं बरोबरी केली आणि पंचावन्नाव्या मिनिटाला मनदीपनं पुन्हा आघाडी मिळवून दिली. २-१. कॅनडाला ४-०, इंग्लंडला ५-३ आणि आता हा विजय. तिन्ही सामने जिंकून आपली पोरं गटात पहिली आली.

मी मनदीपच्या गोलवर टाळ्या वाजवत होते. बाबा म्हणाले, "गोल सगळेच बघतात गं. तू हाफलाइनकडे बघ. बॉल कुणी मारला ते नको बघू, कुणी थांबवला ते बघ."

हाफलाइन म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्यांची फळी. बाबा त्यातले उजवीकडचे, राइट हाफ. कारखान्याच्या संघाकडून, मग एका क्लबकडून, सगळं मिळून पंधराएक वर्षं ते खडकीच्या मातीवर खेळले. धनराज पिल्ले याच खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत लहानाचा मोठा झाला. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन शिकला. आमच्याकडे हे कुणाला मुद्दाम सांगावं लागत नाही, पोरांना ते आपोआप कळतं. पण बाबांचा जमाना त्याच्या आधीचा. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ अंथरलं गेलं आणि भारत सातवा आला, तेव्हा बाबा सव्वीस वर्षांचे होते. "आपण शिकलेलं सगळं एका दिवसात जुनं झालं," एवढंच ते त्याबद्दल बोलतात. पुढे मोठ्या स्टेडियममध्ये जाऊन त्यांनी हॉकी कधी बघितली नाही. मी शाळेत खेळायचे तेव्हा मात्र मैदानाच्या कडेला उभे असायचे.

या वेळी तेच म्हणाले, "लखनौला जाऊया का?" मी त्याच दिवशी तिकिटं काढली.

१३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर गाडी. कसारा घाट, नाशिक रोड, भुसावळ. भुसावळला केळी घेतली आणि पैशांची पहिली पंचाईत झाली. नोटाबंदीला महिना उलटून गेलाय, एटीएममधून दिवसाला अडीच हजार मिळतात आणि तेही बहुतेक गुलाबी दोन हजाराच्या रूपात. वीस रुपयांच्या केळ्यांसाठी ती नोट कोण मोडून देणार? समोरच्या बर्थवरच्या काकूंनी स्वतःच्या बटव्यातून दोन दहाच्या नोटा काढून केळेवाल्याला दिल्या. "लखनऊ में दे देना, बेटी," म्हणाल्या. मी लखनौत विसरणार नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं.

भोपाळनंतर बाबा झोपले. झोपताना सांगून ठेवलं, "झाशी आली की उठव."

१४ डिसेंबर, बुधवार

झाशी मध्यरात्रीनंतर कधीतरी यायची, ती आली पहाटे. धुक्यानं गाडीला रोखून धरलं होतं. बाबांना उठवावं लागलं नाही. ते मफलर गुंडाळून दाराशी उभेच होते.

मराठी माणूस झाशीला उतरला की त्याच्या मनात आधी राणी येते. माझ्याही आली. बाबांच्या मनात दुसरं कुणी होतं. याच गावात ध्यानचंद राहिले, इथल्या मैदानांवर खेळले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. १९२८, १९३२, १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला माणूस. टेकडीवर त्यांचा मोठा पुतळा आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या धुक्यात प्लॅटफॉर्मचा पत्रासुद्धा धड दिसत नव्हता. बाबांनी कुल्हडमधला चहा घेतला आणि साधारण ज्या दिशेला पुतळा असावा असं त्यांना वाटलं, त्या दिशेला तोंड करून प्यायले. मी काही बोलले नाही.

लखनौला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काकूंचे वीस रुपये प्लॅटफॉर्मवरच परत केले, चहावाल्याकडून सुटे करून. चारबाग स्टेशनचे घुमट धुक्यातून एकेक करून पुढे आले. बाहेर मेट्रोचे खांब आणि खोदकाम. लॉजवाल्यानं आमची अडचण ओळखून सांगितलं, निघताना द्या पैसे. खोलीत ऊन येत नव्हतं. स्वेटरवर स्वेटर घालून रजईत शिरलो.

संध्याकाळी बाबांनी वहीत अठरा खेळाडूंची यादी लिहून काढली, पुढे प्रत्येकाची जागा. हरजीतसिंग, कॅप्टन, सेंटर हाफ. त्याचे वडील ट्रक चालवायचे, पंजाबात कुराळीचा मुलगा. दिप्सन तिर्की, ओडिशाच्या सुंदरगडचा, उपकर्णधार. नीलकांत शर्मा, मणिपूर. अरमान कुरेशी, ग्वाल्हेर. अजित पांडे, इथलाच, उत्तर प्रदेशचा. हरमनप्रीत तर ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक खेळून आला होता आणि तरी वयानं ज्युनियरच होता. या स्पर्धेला एकवीस वर्षांच्या आतलेच चालतात. बाबा त्या यादीवर बोट फिरवत होते. "केवढ्या लांबून लांबून आलीत पोरं," असं दोनदा म्हणाले.

१५ डिसेंबर, गुरुवार. उपांत्यपूर्व फेरी, स्पेन

स्टेडियम गोमतीनगरात, विजयंत खंडात. नाव मेजर ध्यानचंद यांचंच. चारबागहून शेअर रिक्षानं दहाएक किलोमीटर. सामना संध्याकाळी असूनही आम्ही दुपारीच जाऊन बसलो आणि ते बरंच झालं, कारण चारनंतर माणसांची रीघ लागली. गालांवर तिरंगे रंगवलेली शाळकरी मुलं, पंजाबातून ढोल घेऊन आलेले लोक, आणि अशी कितीतरी वयस्कर माणसं, जी खेळ बघण्याच्या पद्धतीवरूनच एके काळचे खेळाडू म्हणून ओळखू येत होती. बाबांना त्यातला एक लगेच सापडला. इथल्याच एका सरकारी खात्याकडून लेफ्ट आउट खेळलेले एक मिश्राजी. दोघांची हिंदी दोन प्रकारची, पण पाच मिनिटांत हातवाऱ्यांनी पेनल्टी कॉर्नरवर वाद सुरू.

सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे सुटले. दिव्यांच्या उजेडात मैदान चमकायला लागलं. पाण्यानं टर्फ निसरडं होत नाही, बॉल गुळगुळीत सरकतो आणि वेग वाढतो, खेळाडू घसरून पडला तर कातडीही कमी सोलते, हे मी वाचलं होतं आणि बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्ही पाणी मारायचो ते धूळ बसावी म्हणून."

बाविसाव्या मिनिटाला स्पेननं गोल केला. स्टँड एकदम गप्प. आणि पुढचा जवळजवळ अर्धा तास आपल्याला गोल काही सापडेना. मला ढोलाच्या आवाजानं धडधडत होतं. शेजारी मिश्राजी स्पेनचा पाढा म्हणत होते. २००५ला रॉटरडॅमला याच स्पर्धेत कांस्यपदकाच्या सामन्यात आपण स्पेनकडूनच पेनल्टी स्ट्रोकवर हरलो होतो, आणि तेव्हाही प्रशिक्षक हरेंद्रसिंगच होते. अकरा वर्षं हा माणूस ते घेऊन फिरतोय, असं मिश्राजी म्हणाले. मी बेंचकडे बघितलं. हरेंद्रसिंग बसत नव्हते.

बाबा मात्र शांत होते. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून दाखवलं. "हरजीत बघ. गोल खाल्लाय, वेळ चाललीय, पण बॉल आला की आधी थांबवतो, मान वर करतो, मग देतो. घाई नाही. हा जोवर घाई करत नाही तोवर आपण हरत नाही."

मी त्या क्षणापासून गोलकडे बघणं सोडलं आणि मैदानाच्या मध्यावर नजर ठेवली. खरंच, वेगळाच सामना दिसायला लागला. स्पॅनिश खेळाडू लांब फटका मारायचा, बॉल गुडघ्याच्या उंचीवर उसळत यायचा, आणि आपल्या पोराची स्टिक आडवी, जमिनीलगत, हात सैल. बॉल स्टिकला लागायचा आणि तिथेच बसायचा. आवाज वेगळा येतो. मारल्याचा आवाज 'टक्'. थांबवल्याचा 'थप्', जणू कुणी ओल्या मातीवर हात ठेवला.

सत्तावन्नाव्या मिनिटाला सिमरनजीतनं बरोबरी केली. सहासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर हरमनप्रीतनं दुसरा. त्या वेळी ज्युनियरचे सामने पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन हाफचे होते, म्हणजे चार मिनिटं उरलेली. ती चार मिनिटं सगळा स्टँड उभा होता. मिश्राजींनी बाबांना मिठी मारली तेव्हा दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले.

रात्री लॉजवर येताना शेअर रिक्षात अकरा जण होतो. सगळे अनोळखी, सगळे हॉकीवर बोलणारे. भारतात असं शेवटचं कधी झालं असेल?

१६ डिसेंबर, शुक्रवार. उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलिया

काल स्पेन, आज ऑस्ट्रेलिया. मध्ये एक दिवसाचीही विश्रांती नाही. एकवीस वर्षांच्या आतली पोरं झाली तरी पाय पायच असतात. सकाळी एटीएमच्या रांगेत दोन तास उभी होते. माझ्या पुढे सत्तावीस माणसं मोजली. माझा नंबर यायच्या आधी मशीनमधले पैसे संपले. बाबा म्हणाले राहू दे, पोटापुरते आहेत. समोसे आणि चहावर दिवस काढला.

आधीच्या उपांत्य सामन्यात जर्मनी आणि बेल्जियम. २००९ आणि २०१३ ही दोन्ही विजेतेपदं जर्मनीकडे, पण बेल्जियमच्या बचावानं त्यांना एकही गोल करू दिला नाही. ०-० झाल्यावर शूटआउटमध्ये बेल्जियम जिंकलं. शेजारी कुणीतरी म्हणालं, जर्मनी गेली, आता रस्ता मोकळा. बाबांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. बेल्जियमचा वरिष्ठ संघ चार महिन्यांपूर्वीच रिओहून रौप्यपदक घेऊन गेला होता. या देशानं मुलं किती वर्षं राबवून तयार केलीत हे ज्याला माहीत आहे तो असं बोलत नाही.

आपला सामना सुरू झाला आणि चौदाव्या मिनिटाला टॉम क्रेगनं ऑस्ट्रेलियाला आघाडी मिळवून दिली. पुन्हा तेच, आधी गोल खायचा. इंग्लंडविरुद्ध तसंच, स्पेनविरुद्ध तसंच, आज तसंच. एक मात्र मला आता कळायला लागलं होतं. आधी गोल खाल्ल्यावर या संघाचा चेहरा बदलत नव्हता. मी २०१३ची दिल्ली टीव्हीवर बघितली होती. घरच्या मैदानावर आपण दहावे आलो होतो. तेव्हा गोल खाल्ला की आपल्या पोरांचे हात वर जायचे, एकमेकांवर ओरडणं सुरू व्हायचं. इथं हात खाली होते.

दुसऱ्या हाफमध्ये बेचाळिसाव्या मिनिटाला गुरजंत. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला मनदीप. सहा मिनिटांत दोन. स्टेडियम असं काही थरथरलं की मी बाकाला धरून उभी राहिले. मग सत्तावन्नाव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या शार्पनं २-२ केलं, आणि राहिलेली तेरा मिनिटं काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. बाबांचा हात माझ्या हातात होता आणि थंड होता, एवढं आठवतं.

शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवरून खेळाडू बॉल घेऊन एकटा निघतो, समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद. बाबांनी हा प्रकार प्रत्यक्ष कधी बघितला नव्हता. त्यांच्या काळात पेनल्टी स्ट्रोक असायचे. पहिल्यांदा ते म्हणाले, हे काही खरं नाही. दुसऱ्या खेळाडूच्या वेळी पुढे सरसावून म्हणाले, "बाहेर ये, बाहेर ये, जागा कमी कर," आणि तेव्हा मला कळलं की ते विकास दहियाशी बोलत होते.

विकास दहिया, आपला गोलरक्षक. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूनं बॉल उजवीकडे ओढला, डावीकडे ओढला, आणि विकास आडवा न पडता पावलं टाकत त्याच्याबरोबर सरकत राहिला. गोलरक्षक आधी पडला की संपलं. तो पडला नाही. आठ सेकंद संपेपर्यंत समोरच्याला उभंच राहायला लावलं. दोन वेळा त्यानं अडवलं. आपल्या चौघांनी चारही गोल केले. ४-२. पाचव्याची गरजच उरली नाही.

बाबा खाली बसले. इतका वेळ उभे होते, मग खाली बसले आणि मफलरनं तोंड पुसलं. मी पाणी दिलं. "थांबवलं पोरानं," असं म्हणाले. पाणी प्यायले नाहीत, बाटली नुसती हातात धरून बसले.

१७ डिसेंबर, शनिवार

आज आपला सामना नाही. लखनौ बघायचं ठरवलं होतं. सकाळी चौकात मक्खन मलाई खाल्ली. हिवाळ्यातच मिळते. दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस द्रोणात देतात, केशर, पिस्ता घालून. जिभेवर ठेवेपर्यंत विरते. आईसाठी नेता येणार नाही याचं वाईट वाटलं.

बडा इमामबाडा बघितला. असफउद्दौलानं १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. मधल्या दालनाला एकही खांब नाही, तुळई नाही. एका टोकाला काडी ओढली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे गाइडनं करून दाखवलं आणि खरंच ऐकू आलं.

पण आजच्या दिवसातलं मला लिहायचंय ते वेगळंच.

दुपारी हजरतगंजजवळ के. डी. सिंग बाबू यांच्या नावाच्या स्टेडियमपाशी बाबा थांबले. बाराबंकीचे कुँवर दिग्विजयसिंग. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला उपकर्णधार आणि १९५२च्या हेलसिंकीला कर्णधार, दोन्ही वेळा सुवर्ण. बाबांनी गेटवरची पाटी वाचली आणि नमस्कार केला. लहानपणी त्यांच्या मास्तरांनी बाबूंच्या ड्रिबलिंगच्या गोष्टी सांगून सांगून मुलांना वेड लावलं होतं म्हणे. बॉल जणू स्टिकला चिकटलेला. मला वाटलं होतं बाबांना फक्त हाफच आवडतात. ते म्हणाले, "बाबूंना बॉल कोण देत होतं ते विचार की."

तिथून गोमतीनगरात परत आलो, उद्यासाठी रिक्षाचं बोलायला. एका वसाहतीच्या मागे मोकळ्या मातीच्या मैदानात आठदहा पोरं खेळत होती. स्टिका नव्या, बहुतेक याच आठवड्यात घेतलेल्या, दोघांच्या मुठीवर अजून किमतीचं कागदी लेबल. दहाबारा वर्षांची असतील. गोलासाठी दोन-दोन विटा. धूळ एवढी की बॉल कधी दिसायचा, कधी नाही. बाबा कडेला उभे राहिले. मला वाटलं दोन मिनिटं बघतील. पंधरा मिनिटं झाली.

एक पोरगं, निळ्या स्वेटरचं, बॉल आला की प्रत्येक वेळी तो मारायलाच जायचं आणि चुकायचं. बाबांनी त्याला हाक मारली. "बेटा, इधर आओ." त्याची स्टिक हातात घेतली. मी बाबांच्या हातात स्टिक किती वर्षांनी बघत होते? बहुधा माझ्या दहावीनंतर पहिल्यांदाच. डावा हात वर, उजवा निम्म्यावर. गुडघे वाकवले, सहासष्टाव्या वर्षी, आणि पाठ तशीच सरळ. दुसऱ्या पोराला म्हणाले, "मारो. जोर से."

त्यानं खरंच जोरात मारला. त्या खडबडीत मातीवरून बॉल दोनदा उडाला. बाबांनी स्टिक किंचित मागे घेतली, बॉलबरोबर, झेल घेताना हात मागे घेतात तशी. थप्. बॉल पायापाशी पडून राहिला.

पोरं गप्प झाली. मग सगळ्यांना तेच करायचं होतं. बाबांनी एकेकाला उभं केलं. "हाथ ढीला. बॉल को आने दो. उसके पास मत जाओ, वो आएगा." निळ्या स्वेटरवाल्याच्या हाताला धरून तीनचार वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी त्याच्याकडून एकट्यानं जमलं. त्यानं वर बघितलं तेव्हा त्याचे सगळे दात दिसत होते.

अंधार पडल्यावर निघालो. बाबांच्या बुटांवर धूळ होती, ती त्यांनी पुसली नाही.

१८ डिसेंबर, रविवार. अंतिम सामना, बेल्जियम

सकाळी अकरालाच निघालो. मिश्राजींनी आमची जागा धरून ठेवली होती, रुमाल अंथरून. आज ते नातवालाही घेऊन आलेले.

तिसऱ्या जागेच्या सामन्यात जर्मनीनं ऑस्ट्रेलियाला ३-० हरवलं. तो सामना आम्ही अर्धवटच बघितला, कारण तोवर स्टँडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि बसलेल्या माणसांच्या खांद्यावरून माणसं डोकावत होती.

भारत ही स्पर्धा एकदाच जिंकला होता. २००१, होबार्ट, अर्जेंटिनाला ६-१. पंधरा वर्षं झाली. त्याआधी १९९७ला मिल्टन कीन्सला अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो. आणि यजमान देशानं ही स्पर्धा आजवर कधीच जिंकली नव्हती. हे सगळं मिश्राजींचा नातू मोबाइलवरून वाचून दाखवत होता. बाबांनी त्याला हळूच सांगितलं, "आता मोबाइल ठेव."

बाद फेरीत आज पहिल्यांदा असं झालं की आधी गोल आपण केला. आठव्या मिनिटाला गुरजंतनं गोलसमोरच्या वर्तुळात बॉल घेतला, पाठ गोलकडे, वळला आणि रिव्हर्स स्टिकनं उलटा फटका. बॉल वर गेला आणि जाळीत. एवढ्या लवकर गोल होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ओरडायलाही एक क्षण उशीर झाला.

दुसऱ्या गोलचं मला सविस्तर लिहायचंय, कारण तो बाबांचा गोल होता. म्हणजे त्यांना हवा तसा. बाविसावं मिनिट. बॉल मागून निघाला, मध्ये आला, कुणी पळत सुटलं नाही, एकानं थांबवून दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बेल्जियमची पोरं ज्याच्याकडे धावायची, त्याच्याकडून बॉल तोवर निघून गेलेला असायचा. शेवटी नीलकांत शर्मानं वर्तुळात सरकवलेला पास, आणि सिमरनजीत मोकळा. फटका नाहीच, नुसता ढकलला, कोपऱ्यात. २-०.

गुरजंत आणि सिमरनजीत नात्यानं भाऊ आहेत. एकाच घराण्यातल्या दोघांनी अंतिम सामन्यातले दोन्ही गोल करावेत, हे मला अजून सांगताना अंगावर काटा येतो. हा सिमरनजीत पुढे २०२१ला टोकियोत जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात दोन गोल करून गेला. एकेचाळीस वर्षांनी भारताला ऑलिंपिक हॉकीत पदक मिळालं त्या दिवशी. हरमनप्रीत, मनदीप, वरुण, सुमित, नीलकांत, गुरजंतही त्या टोकियोच्या संघात होते. लखनौच्या त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा फक्त घड्याळ होतं, आणि ते हलत नव्हतं.

मध्यंतरानंतर बेल्जियमनं जोर धरला. आपल्यालाही आणखी गोल करता आले असते, पण झाले नाहीत. दुसरा हाफ मी जवळजवळ सगळा हरजीतकडे बघत काढला. बेल्जियमचे दोन दोन खेळाडू त्याच्या अंगावर यायचे. तो मागे पास द्यायचा. लोक ओरडायचे, पुढे मार, पुढे मार! तो मागे द्यायचा, पुन्हा मागायचा, पुन्हा थांबवायचा. एकदा आमच्या बाजूच्या साइडलाइनजवळ आला तेव्हा त्याचा श्वास ऐकू येईल इतका जवळ होता. कपाळावरचा घाम आणि टर्फचं पाणी एक झालेलं. विशीतला मुलगा. त्याच्या डोळ्यांत भीती मला दिसली नाही.

शेवटच्या मिनिटाला बेल्जियमला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि त्यांनी गोल केला. २-१. पण तेवढंच. हूटर वाजला.

पुढचं क्रमानं सांगता येणार नाही. पोरं एकमेकांवर पडली. हरेंद्रसिंग रडत होते, लपवत नव्हते. ढोल. मिश्राजी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून उभे, ते डोकं बाबांच्या खांद्यावर होतं हे मला नंतर दिसलं. हरजीतनं करंडक उचलला तेव्हा बाबा टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात जोडून उभे होते, झाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभे होते तसे, अगदी ताठ.

बाहेर पडताना गर्दीत ढकलाढकली झाली आणि माझी चप्पल गेली. एका पायात चप्पल घालून अर्धा किलोमीटर चालले. थंडीत डांबर बोचत होतं.

१९ डिसेंबर, सोमवार

लॉजवाल्याचे पैसे दिले. त्यानं दोन हजाराची नोट घेतली आणि उरलेले सगळे सुटे परत दिले. कुठून जमवले त्यालाच ठाऊक. नवी चप्पल घेतली. संध्याकाळची गाडी.

डब्यात समोर मुंबईला कामाला जाणारी चार मुलं होती, गोंडा आणि बाराबंकीकडची. त्यांना सामना बघता आला नव्हता, मोबाइलवर स्कोअर बघितला होता. एकानं विचारलं, "अंकलजी, दूसरा गोल कैसे हुआ?"

बाबांनी आजचं हिंदी वर्तमानपत्र सीटवर पसरलं. खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली. सोललेले शेंगदाणे बेल्जियमचे, सालीसकट शेंगा आपल्या. गोलपोस्ट म्हणून माझी हेअरपिन. पहिली शेंग कुठून निघाली, कुणी थांबवली, तिथे बोट ठेवून ते थांबायचे. "यहाँ देखो. यहाँ इसने रोका." मग दुसरी शेंग. "यहाँ रोका." गाडी रुळ बदलताना हलली की सगळा संघ विस्कटायचा आणि ते पुन्हा मांडायचे.

कानपूर येईपर्यंत तो गोल तीनदा झाला. चौथ्यांदा मांडायला बसले तेव्हा मुलांनीच शेंगा लावल्या, आणि हरजीतची शेंग चुकीच्या जागी ठेवली म्हणून त्यातल्या दोघांचं आपापसात भांडण लागलं.